तेजाबात धुतलेली रॅम

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे कॉम्प्युटरचं काहीही बिघडलं की घरातले सगळे माझ्याकडे बघायचे. सगळे म्हणजे आई आणि अप्पा. आता एकटे अप्पा.

आम्ही मूळचे सांगलीकडचे. अप्पांचं कलकत्त्यात बहूबाजारच्या एका गल्लीत गलाईचं दुकान आहे. कारागिरांकडून येणारं जुनं, मिसळीचं सोनं मुशीत वितळवायचं, तेजाबात, म्हणजे ॲसिडात, शुद्ध करून परत द्यायचं, हे आमचं काम. आमच्या भागातली माणसं या कामासाठी देशभर पांगली आहेत. अप्पा मिसरूड फुटायच्या आधी कलकत्त्याला आले आणि इथलेच झाले. दुकानावरच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो. माझा जन्मही इथलाच. माझं मराठी घरातलं, आईकडून आलेलं. हे लिहिताना शब्द अडतो तेव्हा अजून तोंडातून ‘आई, याला काय म्हणतात गं’ असं निघायला बघतं.

आई गेल्या पावसाळ्यात गेली. डेंग्यूचा ताप होता. त्याबद्दल मला जास्त लिहिता येणार नाही.

ती जायच्या आधी काही महिने कॉलेजात आम्हाला कुणाचा तरी आवाज रेकॉर्ड करून आणायला सांगितलं होतं. मी आईला कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग सुरू करायचा लाल ठिपका दाखवला आणि म्हटलं, तू लग्न होऊन इकडे आलीस तेव्हाचं काही सांग. मी कॉलेजात असताना दुपारी तिने ते केलं. संध्याकाळी मात्र म्हणाली की नीट झालं नाही, ते देऊ नकोस. मग मी माझाच आवाज दिला. तिचं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर तसंच राहिलं. मी ते उघडलं नव्हतं. आई गेल्यावर तर उघडण्याचा धीरच झाला नाही.

अप्पांना मी एकदा सांगितलं की आईचा आवाज आहे.  ते म्हणाले, वर्षश्राद्ध होऊ दे, त्या दिवशी दोघं मिळून ऐकू. त्यानंतर ते कॉम्प्युटरवरची धूळ स्वतः पुसायला लागले. आधी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसत.

श्राद्ध जवळ आलं आणि कॉम्प्युटर सुरूच होईना. बटण दाबलं की पंखा फिरायचा, पडदा काळा राहायचा आणि आतून टूं टूं असा आवाज यायचा. हे आम्हाला लॅबमध्ये नुकतंच शिकवलं होतं. असा आवाज आला की बहुतेक वेळा रॅम नीट बसलेली नसते, किंवा तिच्या कडेचे पिवळे पट्टे मळलेले असतात. पट्टी बाहेर काढायची, पट्टे खोडरबराने हलक्या हाताने घासायचे, परत बसवायची. मी अप्पांना पट्टी काढून दाखवली. पट्टे काळवंडले होते. हे कशाचे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सोन्याचे. बस पकडायची होती, म्हणून पट्टी टेबलावर ठेवून मी न्यू टाउनला कॉलेजात गेले. संध्याकाळी साफ करते म्हटलं.

संध्याकाळी आले तेव्हा दुकान बंद होतं. एरवी त्या वेळी गल्लीत पाय ठेवायला जागा नसते आणि अप्पा भट्टीपुढे असतात. ते वर पलंगावर बसले होते. समोर वाटीत रॅमची पट्टी होती. हिरवा भाग फिका पडला होता. कडेचे पट्टे जागेवर नव्हतेच. वाटीच्या तळाला पिवळे, पापुद्र्यासारखे कण बसले होते.

मला सांगावं लागलं नाही. सोनं काळं पडलं की अप्पा ते तेजाबात घालतात, सोन्याला काही होत नाही आणि मळ निघून जातो. आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं. पण या पट्ट्यांवर सोन्याचा नुसता मुलामा असतो, खाली निकेल आणि तांबं. तेजाबाने खालचं खाल्लं आणि वरचं सोनं सुटून आलं.

“एवढ्या नाजूक यंत्रात मुलामा लावतील असं वाटलंच नाही मला,” ते म्हणाले. “तुझी आई होती त्यात.”

तेव्हा मला कळलं की ते काय समजून बसले आहेत. त्यांना वाटत होतं, मेमरी म्हणतात ती हीच आणि आवाज या पट्टीतच होता.

मी त्यांच्याशेजारी बसले. परीक्षेत मी रॅम, रॉम, हार्ड डिस्क यांतले फरक पानभर लिहिले होते, पण त्यातला एकही शब्द अप्पांच्या उपयोगाचा नव्हता. शेवटी मी म्हटलं की रॅम म्हणजे मूस. काम चालू असतं तेवढा वेळ माल तिच्यात असतो. काम संपलं, वीज गेली, की मूस रिकामी. जपून ठेवायचं ते सगळं हार्ड डिस्कमध्ये जातं, ती तिजोरी. आई तिजोरीत आहे, अप्पा. तुम्ही फक्त मूस फोडलीत.

त्यांनी मान हलवली, पण ते काही पटल्यासारखं नव्हतं. रात्री जेवलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी ती पट्टी कागदात गुंडाळून, कॉम्प्युटरचे सुटे भाग मिळतात त्या चांदनीच्या बाजारात गेले. तिथल्या दुकानदाराने ती उलटीपालटी करून बघितली आणि बंगालीत विचारलं की हे तळलं कुणी. मी हसले नाही. मग त्याने विचारलं, डीडीआर थ्री हवी की फोर. मी पट्टीतली खाच दाखवली. प्रत्येक जातीची खाच वेगळ्या जागी असते, चुकीची पट्टी खोबणीत बसतच नाही. आमची थ्री होती. त्याने मागच्या डब्यातून जुनी एक शोधून दिली.

रविवारी दुपारी मी कॉम्प्युटर उघडला. वायर काढली, अंगातली वीज जावी म्हणून पेटीच्या लोखंडाला हात लावला, खोबणीच्या दोन्ही टोकांचे खटके मागे केले. खाच जुळवून पट्टी उभी धरली आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबली. खटके आपसूक मिटले. अप्पा लांब, दाराशी उभे होते. जवळ या म्हटलं तर म्हणाले, माझा हात नको त्याला.

पडदा उजळला. फाइल जागेवर होती. आता श्राद्धापर्यंत थांबायचं नाही, असं अप्पाच म्हणाले.

“सुरू झालं का हे? लाल दिसतंय. असू दे,” आई म्हणाली. अप्पा स्टुलावर बसले. “तर मी लग्न होऊन आले ना, तेव्हा हावड्याला गाडीतून उतरले. एवढी माणसं मी कधी बघितली नव्हती. हे पुढं चालले होते ट्रंक घेऊन. आणि मला वाटलं की...”

तेवढ्यात रेकॉर्डिंगमध्येच खालून अप्पांचा आवाज आला. “अगं ए, किती वेळ? माणसं खोळंबलीत चहाला.”

“आले, आले,” आई म्हणाली. खुर्ची सरकली.

पुढे नुसता पंख्याचा आवाज होता, बराच वेळ. अप्पा पडद्याकडे बघत बसले होते, ती चहा देऊन वर येईल म्हणून. ती आलीही. “बंद कसं करायचं हे,” एवढंच म्हणाली, आणि संपलं.

“काय वाटलं तिला?” अप्पांनी विचारलं.

मला तिने कधी सांगितलं नव्हतं. तुम्हाला माहीत असेल, मी म्हटलं.

“मी पुढं होतो,” ते म्हणाले. “मागं वळून बघितलं नाही. नंतरही कधी विचारलं नाही.”

त्यांनी परत लावायला सांगितलं. मग पुन्हा. ‘मला वाटलं की’ आलं की ते थोडे पुढे झुकायचे. पंख्याचा आवाजही ते शेवटपर्यंत ऐकायचे. अंधार पडायला लागला तेव्हा त्यांनी विचारलं, “माझा तेवढा आवाज यातून काढता येतो का गं?”

“येतो, अप्पा. पण त्याच्याखाली आई बोलत नाहीये. तिथं काहीच नाही.”



“मग राहू दे,” ते म्हणाले.