भांडुपची भट्टी आणि अंधेरीची सुनावणी

राणे मावशी सोबत नसत्या, तर मी अंधेरीच्या त्या हॉलच्या दारातूनच माघारी आलो असतो. म्हणून आधी त्यांचं नाव घेतो, मग प्रवास सांगतो.

गावाकडच्यांना माहीतच आहे, मी सातवीत शाळा सोडली. हिंगोलीहून इथं भांडुपला आलो, बेकरीत भट्टीवर असतो. मावशी मूळच्या मालवणकडच्या. आमचे पाव घरोघर पोचवतात. लाकडाच्या भट्ट्या बंद करायचं सरकारच्या मनात आहे, त्यावर लोकांचं म्हणणं ऐकायला अंधेरीला सुनावणी होती. शेठ आजारी, म्हणून मला पाठवलं. भट्टी एकदम बंद झाली तर आम्ही बारा जण घरी बसणार.

बस पवईला तलावाशेजारी बराच वेळ अडकली. पाण्याकाठी बगळे होते, पण माझं लक्ष कुठं लागतंय. मावशींनी डब्यातलं घावन (तांदळाचं जाळीदार धिरडं) माझ्या हातावर ठेवलं.

"खा रे. घाबरतंस कित्याक (कशाला)? ते काय तुका गिळूचे नाय."

हॉलमध्ये विजेची भट्टी मांडली होती. "बघा वापरून," अधिकारी मॅडम म्हणाल्या. आम्ही भट्टीत मूठभर मैदा फेकतो. तो किती लवकर लाल होतो, त्यावरून ताव कळतो. सवयीनं मी टेबलावरचा मैदा उचलला नि फेकला. आत पंखा फिरत होता. सगळा मैदा उलटा आला, मॅडमच्या केसांवर, चष्म्यावर.

"वाट लागली," मागून कुणीतरी म्हणालं.

मॅडमनी चष्मा पुसला. "इथं तापमानाचा आकडा बघायचा हो. या, पुढे बसा."

मग त्यांनी समजावलं. लाकूड-कोळसा जळला की कार्बन हवेत जातो, हवा तापत जाते. तो कमी करायला थेट बंदी घालता येते, जळणावर जादा कर लावता येतो, नाहीतर नवी भट्टी घ्यायला अनुदान देता येतं. मला आपल्याकडचा वैशाख आठवला, सकाळी दहालाच ओस पडणाऱ्या गल्ल्या. बाई खोटं बोलत नव्हत्या.

सूचना लेखी हवी होती. मी कागद मावशींकडे सरकवला, त्यांनी परत ढकलला.

"तूच लिव. भट्टी तुका ठावक (माहीत), माका नाय."

लिहिलं. 'भट्टी बंद करा, पण आधी अनुदान द्या, नवीन काम शिकवा, मग जुनी विझवा. मधल्या दिवसांत आम्ही कुठं जायचं?' मॅडमनी ते सगळ्यांसमोर वाचलं. "निर्णय माझ्या हातात नाही," त्या म्हणाल्या, "पण हे वर जाईल."

काळजी अजून आहेच. पण माझ्या वेड्यावाकड्या अक्षरातला कागद सरकारच्या फायलीत आहे, याचं परतताना नवल वाटत राहिलं. भांडुपला उतरल्यावर कळलं, माझ्यासाठी मावशींनी सकाळची फेरीच सोडली होती. त्यांना कधी कचेरीत, दवाखान्यात जायची वेळ आली, तर त्या दिवशी मीही काम सोडून त्यांच्या शेजारी बसेन.