सेनोबियाचे तुंबे आणि एपिफानिओची फुंकर

सेनोबिया कोलितावर फुंकर घालत असली की तिला बोलता यायचं नाही, आणि ही गोष्ट डोंगरातल्या कोचास गावातल्या बायकांना पक्की ठाऊक होती. मांडीवर वाळक्या भोपळ्याचा तुंबा, हातात किन्वालच्या लाकडाची धगधगती काडी, गाल फुगलेले. काडीचं टोक जरा दूर धरून फुंकलं की तुंब्यावर मधासारखा रंग चढतो, टेकवून फुंकलं की काळाकुळकुळीत. मध्येच थांबलं तर निखारा मरतो. म्हणून सेनोबिया थांबत नसे, आणि म्हणूनच शेजारची विसिता नेमकी त्याच वेळी लोकर आणि टकळी घेऊन तिच्या दारात येऊन बसायची.

"तुला म्हणून सांगते हं," ती सूत ओढत सुरुवात करायची, "माझ्या जावेने यंदाही माझ्या शेतातलं बटाट्याचं बियाणं उचललं. तू बोलू नकोस. तू आपली फुंक."

सेनोबिया फुंकायची. कान मात्र उघडे असायचे. मग काही दिवसांनी एखाद्या तुंब्यावर, शेताच्या कडेला, रुंद काठाची टोपी घातलेली एक बाई शालीखाली बटाटे लपवताना दिसायची. चेहरे सेनोबिया बारकाईने काढतच नसे. टोपीचा कल, चालण्याची ढब, मागे लागलेल्या कुत्र्याचं शेपूट, एवढ्यावरून अख्खा गाव ओळखायचा ही कोण ते. लोक रागवायचे. आणि पुढच्या तुंब्यावर आपण कुठेच नाही असं दिसलं की जास्त रागवायचे.

तिचा बापही तुंबेच कोरायचा. समुद्राकडून ट्रकने तुंब्यांची पोती आली की पोरींनी ते भिजवायचे, वरची साल खरवडायची, उन्हात मांडायचे. कोरणी भावांच्या हातात. लहानपणी एकदा सेनोबियाने चुलीतलं कोलीत उचलून धाकट्या बहिणीच्या तुंब्याच्या खुळखुळ्यावर मेंढी काढली. बापाने खुळखुळा उलटसुलट करून पाहिला.

"मेंढीला पाच पाय झालेत."

"एक शेपूट आहे," सेनोबिया म्हणाली.

बाप हसला, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी एक कोरणी घडवून घेऊन आला. पुढे फेर्मिनशी लग्न झालं. तो भला माणूस, पण त्याला बटाट्यापलीकडे काही कळत नसे. मुलगी नेलिदा चालायला लागली आणि तो तापाने गेला. सेनोबियाने तुंब्यांवर मुलीला वाढवलं, शिकवलं, जवळच्या वांकायो शहरात, रोज घरून जा-ये करता येईल अशा दवाखान्यात नोकरीला लावलं. लग्नं, घरावर छप्पर चढवणं, बटाट्याची काढणी, सण, सगळा गाव ती तुंब्यावर उतरवत राहिली.

त्यातच सांतियागोच्या, म्हणजे गुरांच्या सणाला एपिफानिओचे दात पडले.

एपिफानिओ गावच्या वाजंत्र्यांमधला सॅक्सोफोनवाला. उंच, हाडकुळा, "माझं लग्न वाजवण्याशीच लागलंय" असं सांगत म्हातारा झालेला. त्या दिवशी आवारात गुरांच्या कानांत रंगीत फिती ओवणं चाललं होतं आणि हा डोळे मिटून, अगदी रंगात येऊन वाजवत होता. फीत ओवताना एका कालवडीने मान उडवली, ती थेट सॅक्सोफोनवर. पुढचे दोन दात मक्याच्या दारूच्या घागरीत. दुखणं ओसरल्यावर तो स्वतःही हसला. पण मग सेनोबियाचा तुंबा आला: शिंगात सॅक्सोफोन अडकवून ऐटीत निघालेली कालवड, आणि मागे घागरीत डोकं घालून दात शोधणारा एक हाडकुळा माणूस. तो तुंबा वाजंत्र्यांच्या म्होरक्याने घेतला आणि घराच्या दर्शनी भिंतीवर टांगला.

एपिफानिओ तणतणत सेनोबियाच्या दारात आला.

"काय गं ए! माझे दात पडले आणि तुला चित्र सुचलं?"

सेनोबिया फुंकत होती. तिने एक बोट वर केलं: थांब.

"थांब काय? लाज नाही वाटत? बोल की!"

बोट वरच. मेंढ्यांचा अख्खा कळप काळा करून होईपर्यंत तो दारात उभा राहून धुमसत राहिला. शेवटी तिने काडी राखेत खुपसली, तोंड पुसलं आणि विचारलं, "कालवड छान आलीय, नाही?"

तो पाठ फिरवून गेला तो गेलाच. त्यानंतर समोरून सेनोबिया दिसली की तो पाटाच्या पलीकडून जायचा, मग भले चिखलातून जावं लागो. दातांची कवळी बसवून घेतली, पण सॅक्सोफोन तोंडाला लावला की कवळीच वाजायची. वाजंत्र्यांनी त्याच्या जागी त्याचा पुतण्या घेतला. सॅक्सोफोन पेटीत गेला. सणाच्या दिवशी एपिफानिओ घराचं दार लावून घेऊ लागला. सेनोबियाला हे विसिताकडून कळायचं, आणि कधी नव्हे ते एखादी बातमी तिने तुंब्यावर काढली नाही.

त्या वर्षी नेलिदाचं लग्न ठरलं. सेनोबियाच्या माळ्यावर एक तुंबा होता, गाभण मेंढीच्या पोटाएवढा. ट्रकवाल्याने कधीतरी कौतुकाने आणून दिला होता आणि तिने तो लेकीच्या लग्नासाठीच राखून ठेवला होता. तिने तो खाली काढला, नेलिदाचं बारसं, शाळा, पहिली नोकरी, सगळं वरून खाली कोरत आणलं. अर्धं भाजून झालं आणि खोकला सुरू झाला. नेलिदाने तिला ओढत दवाखान्यात नेलं. तिथल्या नर्सने छातीचा फोटो उजेडात धरला आणि सांगितलं, "इतकी वर्षं धूर गिळलात, बाई. आता फुंकणं बंद."

"काम तर फुंकण्याचंच आहे."

"मग काम बंद."

नेलिदाने विजेची कलम आणून दिली. सेनोबियाने ती वापरून पाहिली. टोप्यांच्या विणीला, बायकांच्या वेण्यांना झकास. तेवढ्यासाठी तिने ती ठेवूनही घेतली. पण डोंगरावरून उतरणारी सावली त्यातून काही केल्या निघेना. लग्न जवळ आलं, आणि तुंब्याचा खालचा अर्धा भाग तसाच पांढराफटक. वरात, मांडव, नाच, काहीच रंगलेलं नाही. सेनोबियाने तो फडक्याखाली झाकून ठेवला आणि विसितालाही दाखवेना.

विसिताने अर्थातच फडकं उचलून पाहिलं, आणि संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एपिफानिओ दारात उभा. हातात बोरूची लांबलचक फुंकणी, गाठी आतून नीट पोखरलेली.

"काय हवंय?" सेनोबियाने विचारलं.

"मला काही नको. माझे दात गेलेत, फुप्फुसं शाबूत आहेत. वापरायची तर वापर."

"माझ्यावर उपकार करायला आलायस?"

"तुझ्यावर कशाला? नेलिदाच्या बारशाला मी वाजवलं होतं. पोरीचा तुंबा अर्धा राहिला तर मला बरं वाटणार नाही." मग जरा थांबून म्हणाला, "आणि घरी बसून करू काय? कोंबड्या मोजू?"

सेनोबियाने त्याच्यासमोर मेंढीचं कातडं अंथरलं. ती दाराबाहेर मोकळ्या हवेत बसली, तो फुंकणीच्या पलीकडच्या टोकाला. पहिलीच फुंकर त्याने अशी मारली की ठिणग्या उडून तिच्या टोपीला भोक पडलं आणि नवऱ्या मुलाच्या पायाशी भलामोठा काळा डाग उमटला.

"अरे मेल्या! तुंबा आहे हा, पटांगण नाही! जरा हळू!"

"हळू म्हणजे किती? नीट सांग ना!"

"झोपलेल्या पोराच्या तोंडावरची माशी उडवायचीय, असं समज."

त्या डागाचा तिने कुत्रा केला. लग्नात कुत्रा असतोच. हळूहळू दोघांचं जमत गेलं. तिने पाय आपटला की जोरात, टाच उचलली की मंद. जन्मभर वाजवलेला माणूस; श्वास लांबवायला, आवळायला, अलगद सोडायला त्याला शिकवावं लागलं नाही. फक्त अधूनमधून त्याला चाल सुचायची आणि तो नाचाच्या ठेक्यावर फुंकू लागायचा. "थांब, थांब," ती ओरडायची, "मी मेंढीचं पोट करतेय, तिला नाचायचं नाहीये!"

एक गोष्ट मात्र तिच्या आठवडाभराने ध्यानात आली. आता तिचं तोंड मोकळं होतं, आणि गप्प बसायची पाळी एपिफानिओची होती. इतकी वर्षं दुसऱ्याचं ऐकलेली सेनोबिया बोलायला लागली ती थांबेचना. बापाबद्दल बोलली. फेर्मिन गेल्यावर त्याचा अंगरखा तीन हिवाळे खुंटीवरून काढला नव्हता, ते बोलली. नेलिदा लग्न करून दूर गेली की सकाळी कुणाला हाक मारायची, तेही बोलली. एपिफानिओ फुंकत राहिला. नजर मात्र निखाऱ्यावरून तिच्याकडे जायची.

"आणि ती कालवड," ती एकदा नाचणाऱ्यांचे पाय रंगवताना म्हणाली, "तेव्हा मला तू हसताना दिसला होतास. वाटलं, याला चालेल. घरी जाऊन तू रडला असशील, हे डोक्यातच आलं नाही माझ्या. चुकलं माझं."

एपिफानिओने फुंकणी खाली ठेवली. निखारा राखाडी झाला, तरी ती त्याला ओरडली नाही.

"रडलो नव्हतो," तो म्हणाला. "जेवलो नव्हतो फक्त. दातच नव्हते ना."

दोघं इतकी हसली की तिला खोकल्याची उबळ आली, आणि विसिता काय झालं ते पाहायला टकळी टाकून धावत आली.

लग्नाच्या सकाळी तुंबा मांडवात मधोमध ठेवला गेला. आधी नेलिदाने तो पोटाशी धरून पाहिला, मग पाहुण्यांची झुंबड उडाली. जो तो तुंबा फिरवून स्वतःला शोधत होता. वाजंत्र्यांच्या चित्रात सॅक्सोफोनवाला एकच होता, उंच आणि हाडकुळा, तोंडभर दातांचा. पुतण्याने ते पाहिलं आणि आपला सॅक्सोफोन एपिफानिओकडे धरला. "काका, कवळी काढून वाजवून बघा ना." एपिफानिओने हिरड्यांवर वाजवून पाहिलं. चार सूर बरे निघाले, पाचवा गाढवासारखा. मांडवाने टाळ्या वाजवल्या. त्याने वाद्य परत दिलं आणि सेनोबियाला नाचायला ओढून नेलं. ती नको नको म्हणत शेवटपर्यंत नाचली.

पाहुणे पांगले, नेलिदा नवऱ्याबरोबर गेली. दुसऱ्या दिवशी एपिफानिओ नेहमीच्या वेळेला आला. तुंब्याचं काम संपलं होतं हे दोघांनाही माहीत होतं, पण सेनोबियाने आधीच एक नवा भिजत घातला होता आणि चुलीवर दोघांपुरतं बटाट्याचं सार ठेवलं होतं. पेरणी उरकल्यावर तो आपल्या कोंबड्या घेऊन तिच्याकडेच राहायला आला. कुणी दोघांच्या लग्नाचं विचारलं की सेनोबिया म्हणते, "पुढच्या सणाला बघू," आणि सण येतात नि जातात.

हल्ली तोही कधी कधी काडी हातात घेतो. माणसं त्याला अजून जमत नाहीत, सगळी कावळ्यासारखी दिसतात. डोंगर मात्र बरे येतात, म्हणून डोंगर तिने त्याला देऊन टाकलेत.