अक्कानं पुस्तकाला स्थळ पाहिलं

आमची अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण दीपमाला. लग्नात सासूनं तिचं नाव बदलून चारुलता ठेवायचं ठरवलं होतं. गळ्यात हार असतानाच अक्का म्हणाली, "मग चारुलतालाच आणा, मी चालले घरी." आजही हैदराबादचं अख्खं दिलसुखनगर तिला दीपमालाच म्हणतं. ही बाई पुढं प्रकाशकांशी जशी वागली, त्याचं मला तरी काही नवल वाटलं नाही.

टेलिफोन खात्यातून रिटायर झाल्यावर तिनं आमच्या मायवर पुस्तक लिहिलं. माय, भागूबाई, उदगीरकडून पोटासाठी हैदराबादला आली आणि सिकंदराबादच्या एका दवाखान्यात आया म्हणून राबली. तिला वाचता येत नाही. ती जशी बोलली तसं अक्कानं उतरवलं. मायचं बोलणं अर्धं उदगीरचं, अर्धं इथल्या गल्लीचं. हौ, नक्को, कायकू यांच्याशिवाय तिचं वाक्यच उठत नाही. मायच्या डोळ्यांदेखत पुस्तक छापून तिच्या हातात द्यायचं, एवढाच अक्काचा हट्ट होता.

सुलतान बाजारातल्या दुकानात तिला प्रकाशकांची एक सूची मिळाली. कोण काय छापतो, नव्या लेखकाला दारात उभं करतो का, पत्ता, फोन, सगळं त्यात. लेखकांच्या एजंटांचंही एक पान होतं, मोजून दोन नावांचं. त्यातल्या एकाला फोन लावला तर तो म्हणाला, मॅडम, मी आता विमा विकतो. "बरं झालं, मध्यस्थ टळला," म्हणून अक्काच कामाला लागली.

"पोरगी द्यायची आहे, रंजे," ती मला म्हणाली. "यादीत सगळेच निर्व्यसनी असतात. घर बघावं लागतं. आधीच्या सुनांना विचारावं लागतं." आधीच्या सुना म्हणजे त्या प्रकाशकाचे जुने लेखक. त्यांचे नंबर हुडकून ही विचारायची, सुखात आहात का, पुस्तक दुकानात दिसतं का, तुमचा फोन उचलतात का. लेखक मंडळी काय, कोणी विचारायचा अवकाश, मन मोकळं करायला बसलेलीच असतात.

एका पुण्याच्या प्रकाशकानं सूचीत नवोदितांचं अगदी मनःपूर्वक स्वागत केलं होतं. आमचा मावसभाऊ विकी तिकडंच असतो. अक्कानं प्रकाशकाला न कळवता विकीला तिथं धाडलं, स्थळाची चौकशी करायला धाडतात तसं. विकीचा फोन आला, "अक्का, मला पुस्तकांच्या गठ्ठ्यावर बसवलं. चहासुद्धा गठ्ठ्यावरच ठेवला." म्हणजे छापलेली पुस्तकं घराबाहेर पडलीच नव्हती. "माझी माय काय लोकांच्या बुडाखाली जायला जन्मली?" अक्का म्हणाली, आणि त्या नावावर काट मारली.

शेवटी एक खानदानी घर सापडलं. सुना खूश, पुस्तकं दुकानात, संपादक स्वतः फोन उचलणारे. त्यांना लिखाण आवडलं, छापतो म्हणाले. मग एक प्रकरण सुधारून पाठवलं. "ताई, हैदराबादी शब्द गाळले की पुस्तक कुठंही चालेल," असं फार गोड बोलले. मी म्हणाले, अक्का, हो म्हण, मायचं वय बघ, असं स्थळ परत यायचं नाही. दाजींनीही तेच सांगितलं. अक्का म्हणाली, आधी मायला ऐकवते.

दुपारी मायला खाटेवर बसवून तिनं ते सुधारलेलं प्रकरण वाचलं. चौदा एप्रिलच्या जयंतीला सुट्टी घेतली म्हणून डॉक्टरीण मायला कामावरून काढायला निघाली होती, ती गोष्ट. कागदावर आता असं होतं, "मी नम्रपणे विचारले, बाईसाहेब, माझा अपराध काय?"

माय मन लावून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "चांगली बाई दिसते. गरीब आहे बिचारी. कोणाची माय आहे ही?"

मला रडू फुटलं. अक्कानं आपलं मूळ पान काढलं आणि वाचलं, "मी बोलले, कायकू? मी काय तुमच्या घरची भांडी पळवली?" मायनं मांडीवर थाप मारली. "हौ, अस्संच बोलले मी. गप झाली मग ती."

अक्कानं तिथूनच संपादकांना फोन लावला. "घर चांगलं आहे तुमचं, साहेब, खोट काढत नाही. पण नाव बदलून नेणाऱ्यांना आम्ही पोरगी देत नाही."

ते म्हणाले, विचार करा, असं पुस्तक दुसरं कोणी घेणार नाही.

"नका घेऊ. माझी माय तुम्हाला आहे तशी झेपत नसेल तर नक्को," म्हणून तिनं फोन ठेवला.

मी म्हटलं, आता गं? तिनं सूचीतलं पुढचं नाव काढलं, नांदेडचं. आता सुनांची चौकशी नाही, घर बघणं नाही, फोन थेट प्रकाशकालाच. "हैदराबादहून दीपमाला बोलते. माझ्या आईला तिच्या तोंडानं बोलू देणार का, ते पहिलं सांगा. बाकीचं मागून."

पलीकडचा माणूस गोंधळला. "त्या बोलतात तरी कशा?"

अक्का समजावून सांगायला लागली, तेवढ्यात मायनं हात पुढं केला.

"फोन दे इकडं," माय म्हणाली. "मीच सांगते."