बाबा फिरतीवर गेलाय

मंडळी, तुम्ही मला खोचक लिहिण्यासाठी वाचता. आज ते जमणार नाही.

माझी भाची सई सहा वर्षांची. तिचे वडील बँकांमध्ये सॉफ्टवेअर बसवायला गावोगाव जायचे. मागच्या महिन्यात ते अपघातात गेले. सईला काय सांगायचं, हे घरात कुणालाच सुचेना. तेव्हा मीच म्हणालो, "सांगा, बाबा फिरतीवर गेलाय." शब्दांचं दुकान माझंच ना.

आज दुपारी कोथरूडला, बहिणीच्या सोसायटीच्या आवारात, सईने विचारलं, "मामा, पंख्याची पाती उडून का जात नाहीत?"

मास्तरकी अंगात आली. सुतळीला खोडरबर बांधलं आणि गरगर फिरवलं. "बघ, दोरी आत ओढत राहते. म्हणून ते फिरून परत तिथेच येतं."

"म्हणजे फिरतीवर गेलेला परत येतोच," सई म्हणाली. "मग बाबाला इतका वेळ का लागतोय? मोठा गोल मारतोय का तो?"

सुतळी माझ्या हातातून सुटली. खोडरबर सरळ भिंतीपलीकडे गेलं.

ती भिंतीपाशी गेली, टाचा उंच करून पलीकडे बघू लागली. मग हळूच म्हणाली, "आता त्याला कुणीच ओढत नाहीये, ना?"

"आपण नवीन खोडरबर आणू," तिने त्याचंच विचारलंय असं दाखवत मी म्हणालो. हे दुसरं खोटं.

बहीण खिडकीत उभी राहून ऐकत होती. मी निघताना ती एवढंच म्हणाली, "दादा, फिरतीचं तू सांगितलंस. आता खरंही तूच सांग."

उद्या सकाळी जायचंय. तुमच्यापैकी कुणी एवढ्या लहान मुलीला हे सांगितलं असेल, तर पहिलं वाक्य काय होतं?