बसला की छातीवर हात

बेस गिटार वाजवणाऱ्याला स्वतःचा आवाज कळत नाही. ॲम्पच्या पुढ्यात उभं राहून तार छेडली की पँट थरथरते, एवढंच. सूर खरा तयार होतो तो लांब, हॉलच्या दाराशी. म्हणून कार्यक्रमाआधी आमच्यात एक माणूस दाराशी उभा करतात आणि तो हाताने सांगतो. तळवा खाली दाबला की कमी कर, वर उचलला की वाढव. आणि आवाज नेमका बसला की हात छातीवर.

ही शेवटची खूण आमच्या अंकलची. अंकल खोताच्या वाडीतले, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे मूळचे ख्रिस्ती. लग्नं, हळदी, वाद्यवृंद, चर्चचे सण, गिरगावापासून परळपर्यंत त्यांनी बेस वाजवला नाही असा हॉल नसेल. मी नववीत शाळा सोडून गडचिरोलीकडून मुंबईला आलेला. तिकडे आमच्या भागात थंडीत शेतातल्या मंडपात नाटकं होतात. तिथल्या ऑर्गनवाल्याच्या शेजारी बसून जेवढं कानावर पडलं तेवढंच माझं शिक्षण. इथे लालबागला एका साउंडवाल्याकडे केबल गुंडाळायच्या कामाला लागलो आणि थोड्याच दिवसांत परळच्या एका हॉलमध्ये अंकलनी स्टेजवरून बोट दाखवलं.

"ए, तू. दाराशी जा. कसा लागतो ते सांग."

काय सांगायचं असतं ते मला कुठे माहीत. मी ओरडलो, "पोटात लागते जी."

सगळे हसले. अंकलनी नॉब फिरवला आणि पुन्हा वाजवलं. "आता?"

"आता छातीत."

"मग तिथे हात ठेव आणि गप्प उभा राहा."

तेव्हापासून ते मला 'जी' म्हणूनच हाक मारतात. पुढे कित्येक वर्षं मी त्यांच्यासाठी दाराशी उभा राहिलो. त्यांनी मला गिटार हातात दिली, बोटं कुठे ठेवायची ते दाखवलं, बदल्यात काही मागितलं नाही. त्यांची बायको, आंटी, माझ्या ताटात आधी वाढायची आणि मग विचारायची, "जेवणार काय?" माझं घर एक रात्र आणि अर्धा दिवस लांब. फोनवर आई विचारायची, "जेवला का बाबू?" आणि मी खोताच्या वाडीतल्या लाकडी जिन्यावर बसून सांगायचो, "हो, जेवलो." ते खोटं नसायचं, हे त्या दोघांचे उपकार.

मग अंकलचे कान जायला लागले. आधी दारावरची बेल ऐकू येईना, मग आंटीची हाक. डॉक्टरांनी कानात घालायचं मशीन दिलं. ते शर्टाच्या खिशात राहायचं, पेनाच्या शेजारी. "त्याच्यातून सगळं पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखं वाटतं," म्हणायचे. वाजवणं त्यांनी स्वतःहून थांबवलं आणि गिटार मला दिली. पण एक गोष्ट ते सोडत नव्हते. "वरचे सूर गेले रे जी. जाऊ दे, ते गाणाऱ्यांचे. खालचे माझे आहेत. ते कुठे जात नाय."

हे ते सगळ्यांना सांगायचे. पाववाल्याला, वाडीत फोटो काढायला येणाऱ्या पोरांना, फादरना. मीही ते धरून चाललो होतो. आंटी मात्र हे ऐकून उठून आत जायची.

त्याच सुमाराला, मी ज्यात बेस वाजवायचो त्या आमच्या ग्रुपला मोठी कामं मिळायला लागली आणि मला माझा स्वतःचा ॲम्प घ्यावा लागणार होता. घ्यायचा तर ऑल-ट्यूब, हे ठरलेलं. म्हणजे आत चिप नाही, ट्रान्झिस्टर नाही, सगळं काम काचेच्या नळ्या करतात, जुन्या रेडिओत असायच्या तशा. अंकल त्यांना वॉल्व म्हणतात. त्यांचा स्वतःचा ॲम्प वॉल्वचाच होता, शेवटी ट्रान्सफॉर्मर जळून गेला. वॉल्वचा आवाज उबदार असतो, गाणाऱ्याच्या खाली सतरंजीसारखा पसरतो. पण त्याचे लाडही फार. वजन एवढं की उचलायला दोघं लागतात. चालू केला की लगेच वाजवायचं नाही. एक स्विच पॉवरचा, दुसरा स्टँडबायचा. आधी पॉवर लावून नळ्या तापू द्यायच्या. दिवा लागतो, आत केशरी उजेड येतो, पण आवाज शून्य. मग स्टँडबायचा स्विच वर करायचा, तेव्हा कुठे तो बोलतो.

मी घाबरट माणूस. दोन शर्टांतला एक निवडायचा तरी मला तिसरा माणूस लागतो. इथे तर आयुष्यात एकदा घ्यायची वस्तू. तिचा निवाडा करू शकेल असा दाराशी उभा राहणारा माणूस माझ्या ओळखीत एकच होता.

"अंकल, चलाल काय?" मी मोठ्याने, ओठ नीट हलवून विचारलं.

"चलाल काय म्हणजे? तू एकटा जाऊन काय दिवे लावणार?" ते इस्त्रीचा शर्ट घालूनच आले. आंटीने मला दारात थांबवून हळूच सांगितलं, "रस्ता ओलांडताना हात धर त्याचा. हॉर्न ऐकू येत नाय. आणि जी..." मग तिने डबा हातात दिला.

माझगावला, डॉकच्या मागे, एका साउंड भाड्याने देणाऱ्याचं गोडाऊन होतं. तो धंदा आवरत होता. त्याच्याकडे दोन ऑल-ट्यूब ॲम्प होते, आवाज बाहेर काढणारं स्पीकरचं खोकं मात्र एकच. गोडाऊन लांबलचक, ताडपत्र्या आणि जुने माइकस्टँड दोन्ही बाजूंना रचलेले, मधून वाट. अंकल त्या वाटेने चालत पार दुसऱ्या टोकाला, शटरपाशी जाऊन उभे राहिले. इतकी वर्षं मी त्यांच्यासाठी जिथे उभा राहिलो तिथे आज ते माझ्यासाठी उभे होते.

पहिला ॲम्प लावला. मी त्यांनीच शिकवलेली पहिली चाल वाजवली, संथ, चार सुरांवर चालणारी. आवाज भरून आला, पण मला तो जरा घुमल्यासारखा वाटला. अंकलचा तळवा खाली गेला. मी कमी केलं. पुन्हा खाली. मग त्यांनी मान हलवली आणि तिथूनच ओरडले, "घुमतो. दुसरा लाव."

मला किती हायसं वाटलं सांगू. माझ्या कानाला जे वाटलं तेच त्यांना लांबून ऐकू आलं होतं.

पहिला बंद केला. स्पीकरची वायर काढून दुसऱ्याला जोडली. पॉवर लावली, दिवा लागला, नळ्या हळूहळू केशरी झाल्या. मालक चहाचा ग्लास घेऊन बाजूला उभा. "तापू द्या जरा," तो म्हणाला. मी तापू दिलं. अंकल तिकडून हात नाचवत होते. "काय रे, झोपलास काय? वाजव."

मी घाईघाईने गिटार सावरली आणि वाजवायला लागलो. पहिल्याच सुराला कळलं. मी स्टँडबायचा स्विच वर केलाच नव्हता. ॲम्प तापलेला, उजळलेला आणि मुका. गिटारची तार नुसती बोटाखाली टकटकत होती. ती तर मालकालाही नीट ऐकू येत नसेल.

सॉरी म्हणायला मी मान वर केली.

अंकलचा हात छातीवर होता. डोळे मिटलेले. मान अगदी थोडी, ठेक्यावर हलत होती.

मला थांबता आलं नाही. थांबलो असतो आणि त्यांनी डोळे उघडले असते, तर माझ्या चेहऱ्यावरून त्यांना सगळं कळलं असतं. माझा चेहरा त्यांना चांगला वाचता येतो. पहिल्या ॲम्पचं घुमणंही त्यांनी तिथेच वाचलं असणार, माझ्या कपाळावरच्या आठ्यांत. हे तेव्हा, वाजवता वाजवता लक्षात आलं. मालकाने ग्लास खाली ठेवला, स्विचकडे बोट केलं, तोंड उघडलं. मी नको म्हणून मान हलवली. त्याने शटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मुकाट्याने ग्लास उचलला. मी ती पूर्ण चाल वाजवली, शेवटी ते घ्यायचे तशी वळणाची जागाही घेतली. डॉकवरची कसली तरी क्रेन करकरत होती. तेवढाच आवाज.

अंकल वाटेतून परत आले, डोळे पुसत. "धूळ आहे इथे," म्हणाले. मग ॲम्पवर थाप मारली. "हाच घे. हा बसला."

"हो जी," मी म्हणालो.

मालकाने हळूच विचारलं, "एकदा परत वाजवून बघायचंय?"

"नको."

न ऐकता मी तो ॲम्प घेतला. पायातल्या चपलासुद्धा चालून बघितल्याशिवाय मी घेत नाही.

टॅक्सीत अंकल खुशीत होते. स्पीकरचं खोकं टपावर बांधलेलं आणि ॲम्प डिकीत मावेना म्हणून मागच्या सीटवर आमच्या दोघांच्या मध्ये, म्हाताऱ्या आत्याला बसवावं तसा. "बघितलंस?" ते म्हणाले. "पहिला नुसता ओरडत होता. हा कसा गोल. लोणी. शेवटच्या वळणावर तू जरा जोर जास्त लावलास, पण चालतं." मी खिडकीबाहेर बघत राहिलो. "काय झालं? आवडला नाय तुला?"

मी त्यांच्याकडे तोंड वळवून म्हणालो, "आवडला जी. खूप आवडला."

"मग रडतो कशाला? घेतलेल्या वस्तूवर रडू नये."

घोडपदेवला माझी खोली तिसऱ्या मजल्यावर. चाळीतले तिघे मदतीला आले. एकाने विचारलं, "फ्रिज घेतलास काय रे?" दुसरा म्हणाला, "फ्रिजमध्ये निदान पाणी तरी गार होतं. हा तर म्हणे आधी तापवायचा." दुपारी खोलीत एकट्याने मी पहिल्यांदा त्याचा आवाज ऐकला. वाईट नव्हता. पण खालचे सूर पसरट होते, कडा नसलेले. माझगावच्या पहिल्या ॲम्पपेक्षाही हा जास्त घुमत होता. तो बदलायचा विचार आला नाही. कुठल्या तोंडाने बदलणार?

पहिला कार्यक्रम परळला, जिथे मी "पोटात लागते" म्हणालो होतो त्याच हॉलमध्ये. अंकल आले, दाराशी उभे राहिले. मी वाजवायला सुरुवात केली तसा हात छातीवर. आमचा कीबोर्डवाला कानाशी येऊन कुजबुजला, "अरे, किती घुमतंय ते. खाली घे ना. अंकल काय झोपलेत काय?"

"गप," मी म्हणालो. "घेतो."

मी वळून त्यांच्याकडे पाठ केली. नॉब माझ्या अंगाआड राहील असा उभा राहिलो आणि अंदाजाने कमी केलं. वाजवायला लागल्यापासून कुणीतरी लांबून सांगायचं आणि मी करायचो. आता सांगणारं कुणी नव्हतं आणि तरी दाराशी माणूस होता. पुन्हा वाजवलं. अंकलचा हात तिथेच.

नंतर तीन-चार कार्यक्रमांना ते आले. मग गुडघे दुखायला लागले, मग आंटी सोडेना. त्यांचं यायचं बंद झालं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. दाराशी कुणीच नसलेला हॉल मला अजून बघवत नाही. ग्रुपमधली मुलं म्हणतात, कुणालाही उभा करू, त्यात काय. करतो मी उभा. तो सांगतो तसं वाढवतो, कमी करतो. ॲम्प आता बराच ताब्यात आलाय. पण आवाज बसला की तो पोरगा अंगठा दाखवतो.

परवा लालबागला कार्यक्रम होता. स्टेजवर मांडामांड चालली होती तेवढ्यात आंटीचा व्हिडिओ कॉल आला. फोन तिने धरलेला, स्क्रीनवर अर्धा पंखा आणि अर्धे अंकल. आता ते फारसं बोलत नाहीत. बोलले तर मोठ्याने, कुणीतरी लांब असल्यासारखं.

"कुठे आहेस?"

मी फोन फिरवून स्टेज दाखवलं, मग ॲम्प. नळ्यांचा केशरी उजेड त्यांना दिसला असावा. चेहरा खुलला.

"बसला काय रे जी?"

मी फोन लांब धरला, म्हणजे मी पूर्ण दिसेन, आणि हात छातीवर ठेवला.

त्यांनी डोळे मिटले. त्यांचा हात वर आला, शर्टाच्या खिशातल्या मशीनवर जाऊन थांबला. आंटीने तसाच फोन धरून ठेवला. मागून कुणीतरी ओरडलं, "चल रे, चेक करायचंय, दाराशी कोण जातंय?"

फोन बंद झाला. मग मी स्टँडबायचा स्विच वर केला.