गुमटीची ओळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. आई होती तोवर तिच्याजवळ दोनदा विषय काढला आणि दोन्ही वेळा काहीतरी निमित्त करून उठले. आता लिहितेय — आणि मराठीत का लिहितेय तेही आधीच सांगून टाकते, नाहीतर पहिल्याच पानावर लपवाछपवी व्हायची. माझा जन्म जयपूरचा. वडील विमा कंपनीत होते, सांगलीहून बदलीवर आले ते इथलेच झाले. शाळा हिंदी, शेजार हिंदी, काम हिंदी. आईनं घरात मराठी सुटू दिलं नाही म्हणून हे एवढं तरी येतं. आणि ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे त्यांच्या घरात मराठी कुणालाच येत नाही. म्हणजे बघा — कबुली द्यायला बसले, तीही दाराला आतून कडी घालून.

तुम्ही मला कदाचित पाहिलंही असेल. पाच-सहा वर्षांपूर्वी एक विनोदी मालिका लागायची, नाइट क्लबच्या दारावरच्या दोन बायका बाउन्सर. काळे सफारी, हात छातीवर बांधलेले, चेहऱ्यावर माशी हलणार नाही. एक ताडमाड उंच — तिचं नाव कुतुब. दुसरी बुटकी, गोल — तिचं नाव गुमटी. आपण टपरी म्हणतो ना, तिला इकडे गुमटी म्हणतात. कुतुब मी. आणि गुमटी म्हणजे विमलाजी.

विमलाजी माझ्याहून सात वर्षांनी मोठ्या. सरकारी शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या, जन्मभर शिट्टी फुंकली, निवृत्त झाल्यावर आमच्या नाटकमंडळीत आल्या. अभिनय शिकलेल्या नव्हत्याच. मी वीस वर्षं रंगमंचावर घासलेली — आणि त्या उभ्या राहिल्या की लोक हसायचे. नुसत्या उभ्या राहिल्या की! मला राग यायचा का? यायचा. पण तेव्हा तो राग आहे हे मी स्वतःला कळू देत नव्हते. मी त्याला ‘तालीम कमी पडतेय त्यांची’ असं म्हणत होते.

आमचा नाइट क्लब कानोत्याच्या रस्त्यावर एका गोदामात होता. दिवसाढवळ्या अकरा वाजता खिडक्यांना काळे पडदे लावायचे की झाली रात्र. शॉट सुरू झाला की आवाज नको म्हणून कूलर बंद. सफारीच्या आत घामाच्या धारा, आणि बाहेर आम्ही दगडासारख्या थंड. प्रत्येक भागात गंमत ठरलेली. कुणीतरी थाप मारून आत घुसायला बघणार, मी दरडावून दोन प्रश्न विचारणार, आणि तिसरी ओळ गुमटीची. ‘खाना खाके आए हो?’ किंवा ‘मम्मी को फोन लगाऊँ?’ — एवढंच. आणि तो भलामोठा गडी मान खाली घालून परत जायचा. मी चेंडू टाकायचा, चौकार त्यांचा. टाळ्या चौकारालाच पडतात, नाही का?

पण एक गोष्ट फक्त आम्हा दोघींत होती. विमलाजींना ऐकू येत नव्हतं. डावा कान गेलेला, उजव्याचा भरवसा नाही. पहिल्याच महिन्यात मानसरोवरच्या मेट्रोतून परत येताना त्यांनी मला सांगितलं आणि हात धरून वचन घेतलं. कळलं असतं तर काढलं असतं त्यांना — निदान त्यांना तसं वाटायचं. नवरा गेलेला, मुलगा-सून चांगली, पण दिवसभर घरात बसायचं म्हणजे त्यांना जीव घाबरा व्हायचा. मग आम्ही एक युक्ती काढली. मी त्यांच्या डावीकडे उभी राहायचे. हात छातीवर बांधले की माझं कोपर बरोबर त्यांच्या दंडाशी यायचं. त्यांची ओळ आली की मी कोपर हलकेच टेकवायचे. कॅमेऱ्याला दिसायचं नाही, दिग्दर्शकाला दिसायचं नाही. सगळे म्हणायचे, काय टायमिंग आहे विमलाजींचं! ते टायमिंग माझ्या कोपरात होतं. पण त्या कोपरावर बोलायला जी बाई लागते ती त्या होत्या — हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त पहिलं अर्धं वाक्य कळत होतं.

मी अजून मुद्द्यावर येत नाहीये. माहीत आहे मला.

एकदा भाजी घेताना एक बाई धावत आली. ‘गुमटी! गुमटी!’ विमलाजींच्या गळ्यात पडली. मग आपला फोन माझ्या हातात दिला — फोटो काढून द्याल का? मी काढला. छान काढला. सफारी नव्हता अंगावर, तिनं ओळखलं नसेल मला. एवढ्याशा गोष्टीनं माणसाच्या पोटात दुखावं? माझ्या दुखलं. घरी येऊन मी वांगी तशीच ओट्यावर टाकली आणि नवऱ्यावर उगाच खेकसले.

त्याच आठवड्यात मेकअपच्या खुर्चीत कानावर आलं, वाहिनीची मंडळी शूटिंग बघायला येणार आहेत. गुमटीचं घर, गुमटीची सून, गुमटीचा मोहल्ला — नवी मालिका काढायची म्हणतात. आणि कुतुब? मी आरशातूनच विचारलं. मेकअपवाली म्हणाली, ‘कुतुब तो गेट पे ही रहेगी, दीदी.’ ती हसली. मीही हसले.

ती मंडळी आली. आमचे दिग्दर्शक — त्यांना सगळे भाईसाहब म्हणायचे — त्या दिवशी जरा जास्तच उत्साहात. पाहुण्यांना क्लब खरा वाटावा म्हणून त्यांनी मोठे स्पीकर आणवले आणि शॉट चालू असतानाही गाणं लावून ठेवलं. संवाद नंतर डब करू म्हणाले. गोदामाचे पत्रे थरथरत होते. मलाच माझा आवाज ऐकू येत नव्हता, तर विमलाजींना काय येणार? उभं राहताना त्यांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. म्हणजे — आज सगळं तुझ्यावर आहे गं.

मी पहिला प्रश्न विचारला. दुसरा विचारला. आणि कोपर जागच्या जागी ठेवलं.

हेच. एवढंच केलं मी. कुणाला मारलं नाही, काही चोरलं नाही. एक कोपर दोन बोटं सरकवायचं ते सरकवलं नाही.

विमलाजी थांबून राहिल्या. मग अंदाजानं बोलल्या — समोरचा नट बोलत असतानाच. कट. पुन्हा. या वेळी बोलल्याच नाहीत. कट. तिसऱ्यांदा त्यांनी ओळ माझ्या पहिल्या प्रश्नावरच टाकून दिली, आणि पाहुण्यांपैकी एकजण हसला. आजवर त्यांना जसं हसत तसं नव्हे ते. तिसऱ्यांदा चुकल्यावर त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. संशयानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. काळजीनं पाहिलं. मला बरं नाहीये की काय, अशा काळजीनं.

एकदा चुकलं म्हणता येईल. गोंधळात राहून गेलं, म्हणता येईल. तीनदा? तीनदा माणूस विसरत नाही, तीनदा माणूस ठरवतो. पहिल्या आणि दुसऱ्या वेळेच्या मध्ये मला चांगला पाच मिनिटं वेळ मिळाला होता, पाणी प्यायले होते मी.

भाईसाहबांनी मला बाजूला घेतलं. ‘इन्हें हुआ क्या है?’ मी म्हटलं, ‘कुछ दिनों से भूल जाती हैं.’ कसं सुचलं विचाराल, तर सुचावं लागलंच नाही, जिभेवर तयारच होतं. आणि वर मनाशी काय म्हणाले माहीत आहे? — मी त्यांच्या कानांचं गुपित तर राखलं ना! करून सवरून नामानिराळी म्हणतात ती अशी.

पण अजून सगळं सांगून झालेलं नाही. तुम्हाला वाटेल की हीच कबुली. मलाही बरीच वर्षं वाटायचं की इथवर आलं की संपलं. नाही.

परतीच्या गाडीत विमलाजी खिडकीशी बसल्या होत्या. कानोता मागे पडलं. मग एकदम माझ्याकडे वळल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, ‘नीलू, कोहनी तो तूने मारी होगी. मुझे ही पता नहीं चला. है ना?’

बघा, त्यांनी मला दार उघडून दिलं होतं. ‘नाही मारली, विमलाजी’ — एवढंच म्हणायचं होतं. पुढे वाटेल ते जोडायला मी मोकळी होते. गर्दीत राहून गेलं, गाण्यानं डोकं फिरलं. त्यांनी क्षणात माफ केलं असतं, वर मलाच सरबत पाजलं असतं.

मी म्हटलं, ‘हाँ. तीनों बार.’

तीनों बार — हे कुणी विचारलं होतं?

त्यांनी दंड चोळला. सफारीच्या बाहीवरून, बोटांनी, जिथं माझं कोपर लागायचं बरोबर तिथं. मग म्हणाल्या, ‘अच्छा,’ आणि पुन्हा खिडकीकडे वळल्या.

नवी मालिका निघालीच नाही. गुमटीची गावाला बदली झाल्याचं दाखवलं, माझ्याशेजारी एक तरुण मुलगी आली. चांगली होती बिचारी, पण कुणी हसेना. काही महिन्यांत आमच्या मालिकेनंही गाशा गुंडाळला. मला त्यातून काय मिळालं? काहीच नाही. मिळालं असतं तर मी ते घेतलं असतं, हेही खरं.

भाईसाहब मनानं चांगले. त्यांनी काळजीपोटी विमलाजींच्या मुलाला फोन केला — माताजी भूलने लगी हैं, दिखा लीजिए. मुलगा मालवीय नगरच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. कान तपासले, यंत्र बसवलं, छान ऐकू यायला लागलं. डॉक्टर म्हणाले, बाकी काही नाही, या वयाला उत्तम आहे डोकं. इथं हे मिटायला हवं होतं. मिटलं नाही, कारण विमलाजींनी मिटू दिलं नाही. त्या डॉक्टरांना म्हणाल्या — हे मला त्यांच्या सुनेनं हसत हसत सांगितलं — ‘कान तो ठीक हो गया डॉक्टरसाब, पर कोहनी तो कान से नहीं लगती ना?’

याला उत्तर नव्हतं. कुणाकडेच नव्हतं, माझ्याशिवाय.

हळूहळू त्यांनी एकेक गोष्ट सोडून दिली. स्कूटीची चावी आपण होऊन सुनेला दिली. गॅसजवळ एकट्या जाईनात. डब्यांवर चिठ्ठ्या आल्या, मग औषधं सूनच हातावर ठेवायला लागली. ज्या बाईनं साठ-साठ पोरींना एका शिट्टीत ओळीत उभं केलं, ती स्वतःच्या घरात बिचकत वावरायला लागली. त्या खरंच विसरतात का? मी गेली पाच वर्षं बारकाईनं बघतेय. तुम्हीआम्ही विसरतो तेवढंच विसरतात. पण आपण विसरलो की चष्मा शोधतो, त्या विसरल्या की घाबरतात.

मी दर गुरुवारी जाते त्यांच्याकडे. शेजारणी म्हणतात, मराठीवाली दीदी किती जीव लावते. कशाला जाते मी? प्रायश्चित्त म्हणाल तर नाही. प्रायश्चित्त करायचं तर ते तीन शब्दांचं आहे आणि मला पाठ आहे. मी बघायला जाते की त्यांना आठवलं तर नाही ना. त्या दिवशी दंडाला काही लागलंच नव्हतं, हे एखाद दिवशी त्यांच्या ध्यानात आलं तर नाही ना. सून दार उघडते तेव्हा मी आधी तिचा चेहरा बघते. म्हणून जाते. हे लिहिताना हात थांबला होता, पण लिहिलं.

मागच्या गुरुवारी सून बाहेर गेली होती. विमलाजी म्हणाल्या, आज चहा मी करते, तू नुसती जवळ उभी राहा. मी उभी राहिले. त्यांनी आधण ठेवलं, आलं ठेचलं, साखर घातली — दोन चमचे, माझ्या डोळ्यांदेखत. मग चमचा हातात तसाच धरून माझ्याकडे पाहिलं.

‘नीलू, चीनी डाल दी क्या मैंने?’

‘डाल दी, विमलाजी.’

त्यांचा चेहरा सैल झाला. ‘तू कह रही है तो डाली होगी,’ म्हणाल्या, आणि चहा गाळून पहिला कप माझ्यापुढे ठेवला.