दिल्लीत आई काय बोलली

आई आमच्या गावची सरपंच होती तेव्हाची गोष्ट. गाव खोपोलीच्या अलीकडे, आणि आमच्या शेतांना लागून रसायनांचा एक कारखाना. त्याचा धोक्याचा भोंगा अधूनमधून अवेळी वाजायचा. मग बायका पोरांना काखोटीला मारून डांबरी रस्त्याकडे धावायच्या. वारा नेमका तिकडेच वाहत असला तर काय, हे कुणालाच ठाऊक नसायचं. आई कारखान्यात फोन करायची. ‘सराव चालू आहे,’ एवढंच उत्तर मिळायचं. खरं काय झालं, ते गावाला कधी कळलं नाही.

आईनं तक्रारी करणं सोडलं नाही. पंचायतीतून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला, मग मुंबईला, असं करत करत शेवटी तिला थेट दिल्लीहून बोलावणं आलं. कारखान्यांशेजारच्या गावांची सुरक्षा हा विषय संसदेची एक समिती तपासत होती आणि तिला आईची साक्ष हवी होती. आई सातवी शिकलेली. तिचं हिंदी भाजीबाजारापुरतं. म्हणून सोबतीला मी गेले.

पण मला आत सोडलं नाही. दाराशी असलेल्या एका कर्मचाऱ्यानं समजावून सांगितलं, की समितीच्या बैठका बंद दाराआड होतात आणि आत जे बोललं जाईल ते अहवाल सभागृहात मांडला जाईपर्यंत बाहेर सांगायचं नसतं. आईसाठी मराठी दुभाष्या आत होता. मला ते पटेना. लोकांचा प्रश्न, मग लोकांपासून का लपवायचा, असं मी त्यांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, की आत कॅमेरे नसतात म्हणून सगळ्या पक्षांची माणसं भाषण न ठोकता नीट प्रश्न विचारतात, आणि अहवाल नंतर सगळ्यांसाठी खुला होतो. मला अर्धंच पटलं.

आई बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता. आधी तिनं पाणी मागितलं. काय विचारलं, तू काय बोललीस, असं मी विचारलं तर म्हणाली, “नाय गं सांगायचं. शब्द दिलाय.” मला वाटलं, गाडीत बसल्यावर सांगेल. कल्याण आलं तरी तिनं त्यावर अवाक्षर काढलं नाही.

गावात सगळे वाट बघत होते. आई सगळ्यांना एकच सांगत राहिली, अहवाल येऊ द्या. त्याच दिवशी कारखानदारांची माणसंही साक्षीला दिल्लीत गेली होती, ही बातमी कुठून तरी गावात पोचली आणि मग कुजबुज सुरू झाली. माझे काका, वडिलांचे धाकटे भाऊ, पंचायतीत आईच्या विरुद्ध पॅनेलचे. ते पारावर उघड म्हणाले, की वहिनी दिल्लीत जाऊन मांडवली करून आल्या. अविश्वास ठरावाची भाषा निघाली. वडील जेवताना मान खाली घालून बसायचे. एकदा मीच चिडले. निदान घरात तरी सांग, म्हटलं.

भाकरी थापता थापता ती म्हणाली, “तुला सांगितलं तं तू बापाला सांगशील. बाप पारावर सांगल. मंग शब्द कुनाचा राह्यला गं?”

पुढं काही दिवसांनी कारखान्याचे दोन अधिकारी पंचायतीत आले. बाहेर ओट्यावर माणसं होती, काकाही होते. मी आईला जेवणाचा डबा द्यायला गेले होते. अधिकारी गोड बोलत होते, गावासाठी काय काय करता येईल ते सांगत होते. मग त्यांतला एक उठला आणि दार लोटायला लागला. आईनं दार उघडंच राहू द्या म्हणून सांगितलं. तो हसला. दिल्लीत बंद खोलीत बोललात, मग इथं काय अडचण आहे, असं म्हणाला.

आई म्हणाली, “तितलं बोलनं लिवून घेतलंय सायेब. उद्या कुनीबी वाचंल. हितलं कोन लिवतोय?”

काका ओट्यावरून उठले, आत आले आणि आईच्या बाजूची खुर्ची ओढून बसले. मग बाकीचेही एकेक करून आत आले. अधिकाऱ्यांनी जे सांगायचं ते सगळ्यांसमोर सांगितलं, आणि ते फारच थोडं निघालं. ठरावाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

अहवाल आला तेव्हा पावसाळा सरत आला होता. मी देवळाच्या सभामंडपात उभी राहून मोबाईलवर बघत बघत तो मराठीत सांगितला. भोंगा वाजला की का वाजला ते शेजारच्या गावांना त्यांच्या भाषेत लगेच कळवावं, कुठल्या दिशेनं जायचं ते सांगावं, सराव गावाला सोबत घेऊन करावा, अशी शिफारस होती. एका महिला सरपंचांच्या साक्षीचा उल्लेखही होता. बायकांनी वळून आईकडे पाहिलं. ती दाण्याच्या शेंगा सोलत बसली होती.

घरी आल्यावर ती मोकळी झाली. समोरच्या माईकचा लाल दिवा लागला तेव्हा आधी पदर सारखा केला म्हणाली. अध्यक्षांनी सुरुवातीलाच विचारलं होतं, की तुमच्या बोलण्यातलं काही गुप्त ठेवायचं आहे का. सहसा साक्षीदार थोडा विचार करतात म्हणे.

“मी म्हनलं, मला झाकायसारखं कायच नाय. सगळं छापा. गावाचं नावबी छापा.”

मी पदवीधर. त्या दाराबाहेर उभी राहून पारदर्शकतेवर वाद घातला होता. आत बसून आईनं तो एका वाक्यात संपवला होता, आणि वर इतके महिने गावाचे टोमणे खाल्ले होते. त्या दिवशी मला तिचा जेवढा अभिमान वाटला तेवढा क्वचितच कुणाचा वाटला असेल.

सगळ्या शिफारशी काही अमलात आल्या नाहीत. पण कारखान्यानं गावासोबत सराव घेतला, आणि आता भोंग्यामागोमाग लाऊडस्पीकरवर मराठीत कारण सांगतात. पुढच्या निवडणुकीत सरपंचपदाचं आरक्षण बदललं आणि आई पुन्हा शेतीकडे वळली. काका मात्र लग्नाकार्यात, कर्जतच्या पाहुण्यांसमोर, वहिनींची दिल्लीची हकीकत रंगवून सांगतात. त्या बंद खोलीत आपणही बसलो होतो अशा थाटात. आई पंगतीत वाढत असते. ऐकते, आणि त्यांच्या पानात आणखी एक पुरी टाकते.